कारखान्यालगतच्या वस्तीतील हवेचे मापन

चिमणीतून निघणारा काळा धूर सर्वांना दिसतो. परंतु फुप्फुसांत सर्वांत खोल शिरणारे कण सुटे असता डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्यांस सूक्ष्म कण म्हणतात. मनुष्याच्या केसाची जाडी याच्या वीस ते तीस पट भरते. नाकातील केस व श्लेष्मा मोठी धूळ अडवितात. सूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

न दिसणारी ही वस्तू मोजावयाची कशी? मापनयंत्रातील पंप दर मिनिटास १६.७ लिटर हवा ओढतो. मोठे कण वाटेतच वेगळे केले जातात व सूक्ष्म कण गाळणपत्रावर बसतात. २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा गाळली जाते. समजा, गाळणपत्राचे वजन १,४४० मायक्रोग्रॅमने वाढले. त्यास २४ ने भागले असता दर घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम हे प्रमाण मिळते. भारतात २००९ साली ठरविलेली २४ तासांची मर्यादा एवढीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ ही मर्यादा सुचविली.

तथापि ही केवळ सरासरी होय. वीस तास ३० व रात्रीचे चार तास २१० असे प्रमाण असले, तरी सरासरी ६० च येते. त्या चार तासांत वस्ती काय श्वासावाटे घेते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून तासातासाची नोंद ठेवणारे यंत्रही हवे. तसेच कारखान्याच्या वाऱ्याकडील बाजूस एक व वारा जिकडे जातो त्या बाजूस दुसरे यंत्र ठेवून, वाऱ्याची दिशाही टिपली पाहिजे. दोन्ही आकड्यांतील फरकावरून कारखान्याचा वाटा अजमावता येतो.

अशा नोंदींचे मोल अमेरिकेतील यूटा खोऱ्यात दिसून आले. तेथील पोलाद कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे तेरा महिने बंद होता. त्या काळी तेथे १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण मोजले जात. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत त्यांचे प्रमाण बंद काळातील हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा चालू काळातील हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल झालेली मुले दोन ते तीन पट आढळली. १९८९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेची नोंद आधीपासून होत नसती, तर ही तुलना शक्य झाली नसती.

आता प्रकाशाच्या विकिरणावर चालणारी स्वस्त यंत्रे वस्तीतील लोकांनाही वापरता येतात. मात्र दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व आकडा वाजवीपेक्षा जास्त येतो. यास्तव असे यंत्र काही दिवस प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून त्याची चूक किती, हे ठरवून घ्यावे. नोंदवहीत आकड्यासह स्थळ, वेळ, वारा व आर्द्रता लिहावी. डोळे चुरचुरतात ही तक्रार सहज बाजूस सारली जाते; नीट ठेवलेल्या नोंदीस मात्र उत्तर द्यावे लागते.