कांद्याचा सहा आकडी पत्ता



शहापूर तालुक्यातील उंबरमाळीजवळ मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलात, तर कसारा घाट उतरून आलेले कांद्याचे ट्रक दिसतील. त्यांतील काही कांदा न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातो. आपण म्हणतो कांदा, तमिळ माणूस म्हणतो वेंगायम, इंग्रज म्हणतो ओनियन. मग कोलंबोच्या किंवा दुबईच्या बंदरावरील अधिकाऱ्याला आत काय आहे हे नेमके कसे कळते? आकड्यांवरून!

ताज्या कांद्याचा क्रमांक आहे ०७०३ १०. तो पिनकोडप्रमाणे डावीकडून वाचायचा. ०७ म्हणजे सातवे प्रकरण, भाज्यांचे. ०७०३ हे त्यातील शीर्ष: कांदा, लसूण आणि त्या वर्गातील ताज्या भाज्या. अखेरचे १० हे कांद्याचे उपशीर्ष. लसणाला तेथेच २० मिळतात.

या पद्धतीला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात. तिचा करार १९८३ साली ब्रसेल्स येथे झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. तिच्यात २१ विभाग व ९७ प्रकरणे आहेत. पैकी ७७ वे प्रकरण भविष्यासाठी रिकामे ठेवले आहे. पहिले सहा आकडे सर्वत्र सारखे. पुढचे ज्या त्या देशाने ठरवायचे. भारतात एकूण आठ आकडे वापरतात.

आता असे पाहा. कांदा वाळवला, तर त्याचा क्रमांक ०७१२ २० होतो. व्हिनेगरमध्ये मुरवून टिकवला, तर तो थेट विसाव्या प्रकरणात, २००१ या शीर्षाखाली जातो. कांदा तोच, पण त्यावरील प्रक्रिया बदलली की जागा बदलते. एक वस्तू दोन ठिकाणी बसेल असे वाटले, तर जेथे तिचे वर्णन अधिक नेमके असेल ती जागा धरायची, असा नियम आहे.

एवढी काटेकोरी कशासाठी? १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवले. म्हणजे १०० रुपयांच्या कांद्यावर ४० रुपये! हे शुल्क ०७०३ १० या क्रमांकावर होते; वाळवलेल्या कांद्याच्या क्रमांकावर नव्हते. पुढे ते कमी झाले व १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. शुल्क वाढले की परदेशातील मागणी घटते आणि त्याची झळ शेतकऱ्याच्या भावाला लागते. क्रमांक चुकीचा लिहिला, तर शुल्कही चुकीचे लागते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्गीकरणाची कसोटी हेतूप्रमाणे ठरते. रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्ये अणुक्रमांकाने लावतो, वनस्पतिशास्त्रज्ञ झाडे कुळाने लावतो, तर सीमाशुल्क अधिकारी माल त्याच्या स्वरूपावरून लावतो. म्हणूनच टोमॅटो वनस्पतिशास्त्रात फळ असूनही येथे ०७०२ ही भाजी आहे.

आता तुम्हीच करून पाहा. दुकानातील जीएसटीच्या पावतीवर ‘एचएसएन’ असे लिहिलेले आढळेल. त्यापुढील आकडे याच पद्धतीचे आहेत. पाच वस्तूंची प्रकरणे शोधा. आणि हे कोडे सोडवा: उंबराचा भाऊबंद अंजीर ०८०४ २० वर आहे व आंबा ०८०४ ५० वर. दोघांची कुळे निराळी, तरी शीर्ष एकच. का बरे?