दांतांतील भरण व ओलावा

कीड लागलेला दांत भरून घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस एक गोष्ट आठवत असेल. दंतवैद्य कीड कोरून काढतो, गालाच्या आंत कापसाच्या सुरळ्या ठेवतो, लाळ ओढणारी नळी ओठांत अडकवितो आणि दांतावर पुन्हां पुन्हां वारा मारतो. हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न मनांत येतो. पण तोंड उघडें असल्यामुळें विचारतां येत नाहीं!

ज्यास लोक चांदी म्हणतात तो पारामिश्रित धातु स्वतः दांतास चिकटत नाहीं. खळगा तोंडाशीं अरुंद व आंत रुंद कोरला, कीं तो अडकून राहतो. दांताच्या रंगाचें रेझिन मात्र चिकटण्यावरच टिकतें. तें नीट चिकटलें नाहीं तर कडेला सूक्ष्म फट राहते, तींतून लाळ व जंतु शिरतात, आणि वरून धड दिसणारा दांत आंतून पुन्हां किडूं लागतो.

दांताचें वरचें कवच, इनॅमल, वजनानें शेंकडा सुमारें 96 भाग खनिज आहे. 1955 सालीं अमेरिकेंत मायकेल ब्युओनोकोर यांनीं त्यावर फॉस्फरिक आम्ल लावून पाहिलें. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर हें आम्ल लावीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आम्लानें कवच खरबरीत होतें व त्याच्या छिद्रांत पातळ रेझिन शिरून घट्ट होतें. त्या रीतींत नियम सोपा होता: आम्ल धुवावें, आणि खडूसारखा पांढुरका रंग दिसेपर्यंत दांत ठणठणीत कोरडा करावा.

परंतु कवचाखालीं डेंटिन लागतें, आणि तेथें हा नियम उलटतो. डेंटिनमध्यें खनिज शेंकडा 70 च्या सुमारास. बाकी मुख्यतः कोलाजेनचे तंतु व पाणी. दांताच्या गाभ्यापासून निघालेल्या असंख्य सूक्ष्म नळ्यांतून द्रव झिरपत असल्यामुळें जिवंत डेंटिन पुरतें कोरडें कधीं नसतेंच. आम्लानें खनिज विरघळलें, कीं तंतूंचें जाळें उरतें व पाणीच त्यास उभें धरतें. जोराचा वारा मारून तें पाणी उडविलें तर जाळें खालीं बसतें. कातडेंहि मुख्यतः कोलाजेनचेंच. कच्चें कातडें उन्हांत कसें आखडतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. बसलेल्या जाळ्यांत रेझिन शिरत नाहीं. रेझिन व तंतु यांचा एकजीव थर हाच खरा सांधा, असें 1982 सालीं जपानांत नोबुओ नाकाबायाशी यांनीं दाखविलें. 1990 नंतर अमेरिकेंतील जॉन कांका यांनीं ओलसर डेंटिनवरच रेझिन लावण्याची रीत पुढें आणली.

गवंडी गिलाव्यापूर्वीं भिंतीवर पाणी मारतो, पण पाणी ओघळत असतां गिलावा लावीत नाहीं. येथेंहि तसेंच. पाणी सांचून राहिलें तर रेझिनमध्यें पोकळ्या राहतात व सांधा दुबळा होतो. पृष्ठभाग किंचित् चमकेल एवढीच ओल हवी. फार वाळलेंच तर ओल्या बोळ्यानें टिपलें असतां जाळें पुन्हां उभारतें. एकाच खळग्याच्या कडेला इनॅमल व तळाशीं डेंटिन, ही खरी पंचाईत. परंतु नव्या द्रवांत पाणी सोसणारीं द्रव्यें असल्यानें इनॅमलची थोडी ओल त्यांना चालते.

ही ओल स्वच्छ पाण्याची, लाळेची नव्हे. लाळेंतील प्रथिनांचा पापुद्रा छिद्रें बुजवितो. 1864 सालीं न्यूयॉर्कच्या सॅन्फर्ड बार्नम यांनीं रबराच्या पातळ पडद्यास भोंक पाडून दांत त्यांतून वर काढला; लाळ दूर ठेवण्याचा तो उत्तम उपाय आजहि होय. पडदा ताणलेला पाहून रोगी घाबरतो खरा, पण श्वास नाकानें सुखानें घेतां येतो.