दारावरची पाटी वाचायला शिका

स्पेनला जायचं म्हणून स्पॅनिश शिकणारे जेवण मागवायला शिकतात, रस्ता विचारायला शिकतात. दुकानाच्या वेळांची पाटी मात्र सहसा कुणी शिकवत नाही. तिचं मोल मला कळलं ते सेव्हिलमध्ये, एका शनिवारी दुपारी आईला ताप भरला तेव्हा.

मुक्कामाजवळच्या औषधांच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचं वाणसामानाचं दुकान उघडं होतं, पण स्पेनमध्ये साधी पॅरासिटामॉलची गोळीही 'फार्मासिया'खेरीज कुठे मिळत नाही. पाटीवर होतं: 'एल-व्ही ९.३०-१४.००, १७.००-२०.३०'. त्याखाली: 'एस १०.००-१४.००'. म्हणजे संध्याकाळची वेळ फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवारी दोन वाजता दुकान बंद, ते उघडणार थेट सोमवारी. काचेवर आणखी एक कागद होता, 'फार्मासियास दे ग्वार्दिया'. त्या दिवशी पाळीने उघड्या राहणाऱ्या दुकानांची ही यादी, पत्त्यांसकट. त्यातल्याच एका दुकानात गोळ्या मिळाल्या.

म्हणून सांगतो, पाटी क्रमाने वाचा. आधी वार. मंगळवार 'मार्तेस' आणि बुधवार 'मिएर्कोलेस', दोघांचंही पहिलं अक्षर एम; त्यामुळे बुधवारसाठी पुष्कळदा एक्स लिहितात. मग वेळ. ती चोवीस तासांच्या घड्याळाची असते. वेळांच्या दोन जोड्या असतील तर मधल्या काळात दुकान बंद. लहान दुकानं दोन ते पाचच्या सुमारास बंद असतात. मोठी सुपरमार्केटं बहुधा दिवसभर चालू. 'ओरारियो इनिंतेर्रुम्पिदो' लिहिलेलं असेल तर दुपारची सुट्टी नाही असं समजा.

शेवटची ओळ कधीही सोडू नका. 'दोमिंगोस इ फेस्तीबोस सेर्रादो', म्हणजे रविवारी आणि सणांना बंद. स्पेनमध्ये वर्षाला १४ सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि त्यांतल्या दोन ज्या त्या गावच्या. १५ मे रोजी सान इसिद्रोनिमित्त माद्रिदला सुट्टी असते, दुसऱ्या शहरात तोच दिवस कामाचा असू शकतो. म्हणून जाणार त्या गावाच्या सुट्ट्या निघण्याआधी पाहून घ्या. ऑगस्टमध्ये तर 'सेर्रादो पोर बाकासिओनेस' असा कागद दारोदार दिसतो. त्यावरच्या तारखा वाचा.

शंका असेल तर 'आ के ओरा सिएर्रान?' असं सरळ विचारा. किती वाजता बंद करता, एवढाच त्याचा अर्थ. उत्तरात 'ओचो इ मेदिया' ऐकू आलं तर साडेआठ.

सोबत वडीलधारी माणसं किंवा लहान मूल असेल तर पोचल्या दिवशीच जवळच्या फार्मासियाची पाटी वाचून ठेवा आणि ग्वार्दियाच्या यादीचा फोटो काढून घ्या. ही यादी रोज बदलू शकते, तेव्हा तारीख नीट बघा. रात्री पाळीच्या दुकानाचं दार लावलेलं दिसलं तरी परत फिरू नका, घंटा वाजवा. औषध बहुधा छोट्या खिडकीतून देतात.