श्रीक्षेत्र अंभोरा : पाच नद्यांचा संगम व ‘विवेकसिंधू’ची भूमी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या वस्त्रांसाठी परिचित असलेले विणकरांचे गाव आहे. या परिसरातील भाविक मोहाडी येथे श्री चौंडेश्वरी मातेचे दर्शन घेऊन भंडारा मार्गे श्रीक्षेत्र अंभोऱ्यास जाऊ शकतात. अंभोरा हे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, भंडारा जिल्ह्याच्या सीमेवर वसलेले लहानसे गाव असून नदीतीरावरील टेकडीवर श्री चैतन्येश्वराचे मंदिर आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

संगमाचे स्वरूप

सातपुड्यात, मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा येथे येते आणि कन्हान नदी याच ठिकाणी तिला मिळते. आंब, मुरझा व कोलारी हे लहान प्रवाहही येथेच एकत्र येतात, म्हणून या स्थानास पंचनद्यांचा संगम म्हणतात. येथून पुढे वैनगंगा दक्षिणेस वाहत जाते, वर्धा नदी मिळाल्यावर प्राणहिता हे नाव धारण करते आणि अखेरीस गोदावरीत विलीन होते. विदर्भाच्या मोठ्या भूभागाचे पाणी अशा रीतीने गोदावरीच्या मुखातून बंगालच्या उपसागरास पोहोचते.

मराठी ग्रंथरचनेचा आरंभ

अंभोऱ्याचे खरे महत्त्व आद्यकवी मुकुंदराजांशी निगडित आहे. त्यांचा ‘विवेकसिंधू’ हा ग्रंथ शके १११० (इ. स. ११८८) मध्ये सिद्ध झाला, असा निर्देश ग्रंथातच आढळतो. तो प्रमाण मानल्यास हा ग्रंथ शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीपूर्वी १०२ वर्षांचा ठरतो. पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा दोन भागांच्या या ओवीबद्ध ग्रंथात अद्वैत वेदान्ताचे निरूपण आहे. जे ज्ञान तोपर्यंत मुख्यतः संस्कृत जाणणाऱ्यांपुरते होते, ते लोकभाषेत सांगता येते, हे या ग्रंथाने दाखवून दिले. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील श्री हरिनाथांची समाधी याच क्षेत्री असल्याचे परंपरा सांगते.

या विषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे जिज्ञासू भाविकांनी ध्यानात ठेवावे. ग्रंथात वैनगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो. विदर्भातील परंपरा ही नगरी म्हणजेच अंभोरा मानते. मराठवाड्यातील अंबाजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते व तेथील परंपरा ग्रंथाचा संबंध त्या नगरीशी जोडते. उपलब्ध पोथ्यांची भाषा काहीशी अर्वाचीन वाटत असल्यामुळे काळाविषयीही चर्चा झालेली आहे. तथापि वैनगंगेचा स्पष्ट निर्देश हा अंभोऱ्याच्या बाजूचा बलवान पुरावा होय. दोन्ही स्थानांविषयी आदर बाळगण्यास मात्र कोणतीच अडचण नाही.

आजचे दर्शन

जुन्या वर्णनांत वाचलेले पाच वेगळे प्रवाह आज सहजी ओळखू येत नाहीत. खालच्या अंगास पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण बांधण्यात आले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. पुढे धरणात पाणी साठू लागल्यावर त्याचा फुगवटा संगमापर्यंत आला आणि येथे विस्तीर्ण जलाशय दिसू लागला. या पाण्याने शेतीस आधार दिला, परंतु नदीकाठच्या अनेक गावांना आपली घरे, शेते व देवळे सोडून अन्यत्र जावे लागले. पाण्याचे सौंदर्य पाहताना त्या कुटुंबांच्या त्यागाचे स्मरण ठेवणे उचित होय.

पूर्वी भंडाऱ्याकडील भाविक होडीने पैलतीरी येत. २०२४ साली तारांच्या आधाराचा भव्य पूल खुला झाल्यापासून दोन्ही जिल्हे रस्त्याने जोडले गेले आहेत.

भाविकांसाठी आवश्यक सूचना

नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व तेथून वैनगंगेत येत असल्याने जलाशयाचे पाणी दूषित झालेले आहे. म्हणून ते तीर्थ म्हणून प्राशन करू नये. संगमास दुरून वंदन करणे अथवा सोबत आणलेल्या शुद्ध जलाने अभिषेक करणे श्रद्धेस कोठेही बाधक नाही. निर्माल्य, वस्त्रे व प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडू नयेत. फुगवट्यामुळे काठ खोल झाला असल्याने अनोळखी ठिकाणी पाण्यात उतरू नये. होडीतून जाताना जीवरक्षक जाकीट अवश्य घालावे.

दान करू इच्छिणाऱ्यांनी निर्माल्य संकलन, काठाची स्वच्छता आणि ‘विवेकसिंधू’च्या प्रती वाचनालयांना देणे या कार्यांचाही विचार करावा. ज्या तीरावर मराठीतून ब्रह्मविद्या सांगितली गेली असे परंपरा मानते, तो तीर निर्मळ राखणे ही श्री चैतन्येश्वराची सेवाच होय.