जनरेटरचा धूर आणि त्याची उंची

वीज आणि प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे औष्णिक केंद्राची चिमणी उभी राहते. प्रस्तुत लेखात मला त्याहून पुष्कळ लहान वीजनिर्मितीविषयी लिहावयाचे आहे. ती म्हणजे वीज गेली की दुकानांपुढे आणि लग्नसराईत मांडवामागे चालणारा डिझेल जनरेटर.

एक लिटर डिझेल जाळले की साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते आणि अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा हिशेब कोळशाच्या विजेपेक्षा फार वाईट नाही. मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती धूर कोठे सुटतो याची. पाचशे मेगावॅट वा त्याहून मोठ्या औष्णिक संचाची चिमणी २७५ मीटर उंच असावी असा आपल्याकडे दंडक आहे. तो धूर दूरवर पसरतो, विरळ होतो (कोणाच्या तरी वाट्याला तो येतोच, हे खरे). जनरेटरची नळी मात्र माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असते. तिच्यातून निघालेली काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड विरळ होण्यापूर्वीच श्वासात जातात. या काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असल्यामुळे ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली आहे.

भूगोलाच्या तासाला आपण तापमानाची विपरीतता शिकतो. हिवाळ्यात सूर्य मावळल्यावर जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. परीक्षेत आपण याची आकृती काढतो आणि विसरतो. परंतु लग्नाच्या वरातीची आणि स्वागत समारंभाची वेळ नेमकी हीच! दोन्ही बाजूंना दुमजली घरे असलेल्या अरुंद पेठेत तर धुराला वर वाट नाही आणि बाजूलाही नाही.

हा त्रास आकड्यांत दिसत नाही, याचेही कारण आहे. सूक्ष्म कणांसाठी २००९ पासून आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. समजा, एका गल्लीत दोन तास हे प्रमाण ५०० राहिले आणि उरलेले बावीस तास २० राहिले. सरासरी काढा, बरोबर ६० येते. कागदावर हवा मर्यादेत, आणि ते दोन तास जो तेथे उभा होता त्याची कोठेच नोंद नाही. शिवाय मोजणी यंत्रे शहरांतून, तीही मोजक्या ठिकाणी.

नियम नाहीत असे नाही. ज्या इमारतीत जनरेटर आहे तिच्या उंचीपेक्षा त्याची नळी वर न्यावी, आणि किती वर, तर के.व्ही.ए. क्षमतेच्या वर्गमूळाला ०.२ ने गुणून येईल तितके मीटर. म्हणजे २५ के.व्ही.ए.ला एक मीटर, १०० ला दोन मीटर. हिशेब सातवीच्या मुलालाही येईल, पण चाकांवरून फिरणाऱ्या जनरेटरला इमारत कोणती धरावयाची? १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरांसाठी अधिक कडक मानके लागू झाली. जुने मात्र चालतच आहेत.

माझे मामा मांडववाल्याकडे जनरेटर सांभाळतात. त्यांना मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “लोड नसला की पांढरा धूर ओकतो, एकदम आला की काळा.” पुस्तकातही तेच आहे, जरा लांबवून. भार कमी असला की इंजिन पुरेसे तापत नाही व डिझेल अर्धवट जळते. भार एकाएकी वाढला की डिझेल जास्त आणि हवा अपुरी पडून काजळी होते. मांडवात गरजेपेक्षा मोठा जनरेटर आणून तो पाव भारावर चालविण्याची रीत आहे, तेव्हा योग्य क्षमतेचा जनरेटर आणणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. दुसरा, नळीला जोड देऊन ती उंच करणे. दुकानांना बॅटरीवरचा इन्व्हर्टर बहुधा पुरतो. बंद खोलीत तर जनरेटर कधीच चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लांब केबल टाकून जनरेटर मांडवापासून दूर ठेवला तर पाहुण्यांची सुटका होते. मामांची होत नाही. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून त्यांना रात्रभर त्याच्याजवळच बसावे लागते, आणि थंडीत तर तेथेच ऊब असते.