एल.एस.डी. बसवताना

आपल्यातील अनेक भाऊ गॅरेजच्या धंद्यात आहेत. जीपचे शौकीन गिऱ्हाईक त्यांच्याकडे एल.एस.डी. मागते, म्हणून हे टिपण आम्ही देत आहोत.

साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात घसरले की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी अडकते. एल.एस.डी.मध्ये क्लच प्लेटा असतात. त्यांच्या दाबामुळे पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. चाक पूर्ण अधांतरी असेल तर मात्र फायदा थोडाच. तिथे लॉकर हवा. फोर्स गुरखाला तो कंपनीतूनच येतो.

प्लेटांना खास तेल लागते. साधे ओतले तर वळणावर मागून करकर येते, प्लेटा झिजतात, आणि गिऱ्हाईक दोष मिस्त्रीला देते. तेलाचा खर्च आधीच सांगावा.

सर्वांत धोक्याची गोष्ट जॅकची. मागचे एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नये. एल.एस.डी. असल्यास जमिनीवरचे चाक जोर धरते आणि गाडी जॅकवरून सुटून अंगावर येऊ शकते. मागची दोन्ही चाके स्टँडवर घ्यावीत, पुढच्यांना दगड लावावेत.