खालचा दोरा

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात विचुंबे हे गाव आहे. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी या परिसरातून वाहत जाऊन पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. एके काळी भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या भागाला आता नवीन पनवेलची वस्ती येऊन भिडली आहे. उंच इमारती उभ्या राहिल्या. विजेवर चालणारी नाना प्रकारची यंत्रे घरोघरी आली. तरीही अशा गावातील एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर पायांनी चालवायचे शिवणयंत्र अजून दृष्टीस पडते. जून महिन्यात शाळा सुरू होण्याच्या सुमारास त्यावर मुलांचे गणवेश शिवले जातात. गणपतीचा सण जवळ आला की नवी झबली आणि परकर शिवण्याची घाई उडते. कोकणातील मुसळधार पावसात वीज गेली, तरी हे यंत्र थांबत नाही. त्याला पायांची शक्ती आणि हातांचे कौशल्य एवढेच लागते.

या यंत्राची रचना पाहण्याजोगी आहे. खाली एक रुंद लोखंडी पायडल असते. दोन्ही पाय त्यावर ठेवून ते पुढेमागे दाबले, की त्याला जोडलेला दांडा एका मोठ्या चाकाला गती देतो. या मोठ्या चाकावरून चामड्याची एक वादी वर जाते आणि यंत्राच्या उजव्या टोकाला असलेल्या लहान चाकाला फिरवते. खालचे चाक मोठे व वरचे लहान, म्हणून खालचे चाक एकदा फिरते तेवढ्यात वरचे तीन-चार वेळा फिरते. वरच्या चाकाबरोबर सुई खालीवर होऊ लागते, कापड पुढे सरकते आणि पाहता पाहता टाक्यांची सरळ रेघ उमटते.

पाहणाऱ्याचे लक्ष सहजच सुईकडे आणि वरच्या दोऱ्याच्या रिळाकडे जाते. परंतु शिवण केवळ या एका दोऱ्याने होत नाही. यंत्राच्या पोटात, सुईच्या खाली, दुसरा एक दोरा असतो. तो बॉबिन नावाच्या एका लहानशा फिरकीवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली उतरते आणि किंचित वर येऊ लागते, तेव्हा तिच्या नाकाजवळ वरच्या दोऱ्याचा एक फासा तयार होतो. यंत्रातील आकडा त्या फाशाला पकडतो आणि तो बॉबिनच्या सर्व बाजूंनी फिरवून आणतो. अशा रीतीने वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वळसा घालतो. मग वरचा दोरा ओढला जातो आणि दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीत जाऊन बसते. हाच एक टाका होय.

येथे कोणाच्याही मनात एक शंका येईल. वरच्या दोऱ्यासाठी मोठे रीळ चालते, मग खालच्या दोऱ्यासाठीही तसेच रीळ का लावीत नाहीत? ही इवलीशी बॉबिन पुन्हा पुन्हा भरण्याची यातायात कशासाठी? याचे उत्तर त्या फाशातच आहे. प्रत्येक टाक्याच्या वेळी वरच्या दोऱ्याच्या फाशाला खालच्या दोऱ्याच्या संपूर्ण साठ्याला वळसा घालावा लागतो. साठा मोठा असता, तर त्याच्याभोवती फिरण्याइतका मोठा फासा सुईला कोठून मिळाला असता? म्हणून खालचा साठा लहान ठेवावाच लागतो. आणि तो लहान असल्यामुळे वरचेवर भरावाही लागतो.

ही युक्ती विणकरांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. हातमागावर ताण्याचे धागे उभे ताणलेले असतात. त्यांच्यामधील अरुंद फटीतून बाण्याचा धागा आडवा न्यावयाचा असतो. त्यासाठी धोटा वापरतात. धोट्याच्या पोटात एक कांडी असते व तिच्यावर सूत किंवा रेशीम गुंडाळलेले असते. फट अरुंद, म्हणून धोटा लहान. धोटा लहान, म्हणून कांडी लहान. पैठण आणि येवले येथील पैठण्या काय किंवा सोलापूरच्या चादरी काय, कोणतेही वस्त्र मागावर विणताना कांड्या भरण्याचे काम आधी करावे लागते. वस्त्र पाहणारा विणकराची वाहवा करतो. पण चांगली भरलेली कांडी मिळाली नाही, तर निष्णात विणकराचा हातही अडखळतो. शिवणयंत्रातील बॉबिन ही मागावरच्या कांडीचीच धाकटी बहीण आहे. जुन्या शिवणयंत्रांत तर ही बॉबिन लांबट असून होडीच्या आकाराच्या एका लहान धोट्यातच बसवलेली असे.

मागावरची ही युक्ती शिवणकामात येण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली आपल्या शिवणयंत्राचे एकस्व मिळवले. त्याचे यंत्र एकाच दोऱ्याने साखळीसारखा टाका घाली. धान्याच्या पोत्याचे तोंड ज्या साखळीटाक्याने शिवलेले असते, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे योग्य टोक सापडले, की एका ओढीसरशी सारी शिवण उसवते. पोत्याला हे सोयीचे असले, तरी अंगातल्या कपड्याला ते कसे चालावे? पुढे अमेरिकेतील एलायस हौ याने १० सप्टेंबर १८४६ रोजी एका यंत्राचे एकस्व घेतले. त्यात सुईचे नाक टोकाजवळ होते आणि खाली दुसरा दोरा घेऊन ये-जा करणारा धोटा होता. १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे एकस्व घेतले. पायांनी चालणाऱ्या सिंगरच्या यंत्रांमुळे दोन्ही हात कापड सांभाळण्यास मोकळे राहिले.

या शोधाने किती श्रम वाचले! त्या काळी अमेरिकेत घेतलेल्या एका चाचणीत पुरुषाचा एक सदरा हाताने शिवण्यास १४ तासांहून अधिक वेळ लागला. तोच सदरा यंत्रावर सुमारे सव्वा तासात तयार झाला. तथापि सर्वांनीच या यंत्राचे स्वागत केले नाही. आपल्या पोटावर पाय येईल, या भीतीने पॅरिसमधील शिंप्यांनी १८३१ साली तिमोनिएच्या कारखान्यावर चालून जाऊन त्याची यंत्रे मोडून टाकली. त्यांची भीती अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. यंत्र कोणाच्या हाती राहते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. १९२४ साली रामचंद्रन या विद्यार्थ्याने महात्मा गांधींना यंत्रांविषयी प्रश्न विचारले. आपला विरोध यंत्रांना नसून यंत्रांच्या वेडाला आहे, असे गांधीजींनी सांगितले आणि शिवणयंत्राचा त्यांनी आवर्जून अपवाद केला. घरच्या माणसाचे कष्ट हलके करणारे हे साधन त्यांना मोलाचे वाटत होते.

महाराष्ट्रात शिवणकामाने अनेक स्त्रियांना आधार दिला आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले. तेथे शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवले जाई. ज्यांना दुसरा आसरा नव्हता, अशा कित्येक स्त्रियांना आपल्या पायांवर उभे राहण्याचे बळ अशा शिक्षणातून मिळाले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यात 'उषा' शिवणयंत्रे तयार होऊ लागली आणि देशी बनावटीचे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले. घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या माउलीच्या दृष्टीने शिवणयंत्र म्हणजे घरातला एक कमावता माणूसच होय. म्हणूनच शिवणकाम शिकणाऱ्याने सुरुवातीलाच बॉबिन भरण्याची क्रिया नीट समजून घ्यावी.

प्रथम वरच्या लहान चाकाच्या मध्यभागी असलेली गोल फिरकी सैल करावी. डाव्या हाताने चाक घट्ट धरून उजव्या हाताने ही फिरकी स्वतःकडे फिरवली, की ती सैल होते. आता चाक फिरले, तरी सुई जागेवर स्थिर राहते. तिची व्यर्थ धडपड होत नाही. नंतर रीळ खुंटीवर बसवावे. दोरा यंत्राच्या बैठकीवरील दोन लहान चकत्यांमधून ओढून घ्यावा. या चकत्या दोऱ्याला ताण देतात. दोऱ्याचे टोक बॉबिनच्या कडेला असलेल्या छिद्रातून आतून बाहेर काढावे आणि बॉबिन चाकाजवळील दांडीवर घट्ट बसवावी. ही दांडी दाबली, की तिच्यावरील रबरी कडे चाकाला टेकते. मग दोऱ्याचे टोक हातात धरून सावकाश पायडल चालवावे. चार-सहा वेढे पडले, की थांबून ते टोक कापून टाकावे आणि पुन्हा एकसारख्या गतीने पायडल चालवत राहावे. बोटे मात्र फिरत्या चाकापासून दूर ठेवावीत.

वेढे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखे पडले पाहिजेत. लांबट बॉबिनच्या जुन्या यंत्रांत यासाठी एक सुंदर योजना असते. तेथे पिंपळाच्या पानासारखे एक लहान चक्र सावकाश फिरते आणि दोऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते व परत आणते. गोल बॉबिनच्या यंत्रांत ताणाच्या चकत्यांवर आणि शिवणाऱ्याच्या नजरेवर भिस्त असते. बॉबिन काठोकाठ भरू नये. तशी भरली तर ती डबीत मोकळेपणी फिरत नाही. जुना, वेगळ्या रंगाचा दोरा शिल्लक असता त्यावरच नवा गुंडाळू नये. बॉबिन भरून झाली, की चाकातील फिरकी पुन्हा घट्ट करण्यास विसरू नये. नाही तर पाय चालत राहतील आणि सुई हलणार नाही.

हे सारे नियम क्षुल्लक वाटतात. पण प्रत्येकामागे कारण आहे. दोरा सैल भरला, तर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात. शिवताना दोरा कधी सुळकन सुटतो, तर कधी अडकून ताणला जातो. मग एक टाका ढिला आणि दुसरा आवळलेला, अशी शिवण होते. अशा शिवणीचा सदरा दुकानात टांगला असता चांगला दिसतो. परंतु खेळताना हात वर केला, की तो काखेत उसवतो. कोकणात पावसाळ्यात तर अधिकच दक्ष राहावे लागते. ओलसर हवेने चामड्याची वादी सैल पडून घसरू लागते आणि लोखंडाला गंज चढतो. वादी थोडी कापून आखूड करणे व वेळोवेळी तेल घालणे, हीही शिवणकामाचीच अंगे आहेत.

खालच्या दोऱ्याचा खरा मोठेपणा मात्र तो संपतो तेव्हा कळतो. बॉबिन मध्येच रिकामी झाली, तरी यंत्र थांबत नाही. पायडल चालू असते, सुई खालीवर होत असते, वरच्या रिळाचा दोराही जागेवर असतो आणि कापड पुढे सरकत राहते. आवाजातही सहसा फरक जाणवत नाही. वितभर शिवण झाली, असे शिवणाऱ्याला वाटते. कापड उचलून पाहावे, तर त्यावर सुईची नुसती छिद्रे. दोन तुकडे एकमेकांपासून सुटे ते सुटेच! वरच्या दोऱ्याला पकडणारे खाली कोणी नव्हते, एवढेच घडलेले असते.

म्हणून कसलेला कारागीर लांब शिवण घालण्यापूर्वी बॉबिन काढून पाहतो. दोरा थोडा उरला असेल, तर ती आधी भरून घेतो. त्यात वेळ जातो, ग्राहक वाट पाहत असतो, आणि भरलेली बॉबिन तर कोणाच्याही नजरेस पडत नाही. तरीही तो हे काम टाळीत नाही. गणवेश अंगात घालून शाळेत निघालेल्या मुलाला त्या दोऱ्याची आठवणही नसते. त्याची शिवण मात्र त्याच दोऱ्याने धरून ठेवलेली असते.

शब्दार्थ

ओटी – घराचा पुढील भाग. वादी – चामड्याचा अरुंद पट्टा. एकस्व – शोधावर शोधकाला मिळणारा कायदेशीर हक्क. ताणा – मागावरील उभे धागे. बाणा – मागावरील आडवे धागे. पोटावर पाय येणे – उपजीविका बुडणे. भिस्त असणे – अवलंबून असणे.

अभ्यास

१. खालच्या दोऱ्यासाठी मोठे रीळ का वापरता येत नाही?
२. मागावरील कांडी आणि शिवणयंत्रातील बॉबिन यांत कोणते साम्य आहे?
३. कारणे द्या : (अ) बॉबिन भरण्यापूर्वी चाकातील फिरकी सैल करतात. (आ) बॉबिन काठोकाठ भरू नये.
४. पॅरिसमधील शिंप्यांनी यंत्रे का मोडली? त्यांचे करणे योग्य होते काय? आपले मत पाच-सहा ओळींत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : यातायात, आवर्जून, अनाठायी, क्षुल्लक.
६. कोणाच्या नजरेस न पडणारे, परंतु ज्यावाचून सर्वांचे अडते असे एखादे काम निवडा व त्याविषयी दहा ओळी लिहा.